उंबऱ्यावरचं लाल अंडं

दुपारी जरा डोळा लागला होता, तोच स्वयंपाकघरातून कांद्याच्या सालींचा उकळता वास आला आणि मी उठून बसले. कच्चा कांदा डोळ्यांत जातो, फोडणीतला भूक चाळवतो; पण नुसत्या सालींचा काढा उकळायला लागला की त्याचा वास वेगळाच येतो, थोडा गोडसर, थोडा मातकट, पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा. सूनबाईंनी कुठेसं पाहिलं होतं म्हणे, हा काढा केसांना लावला की केस गळायचे थांबतात. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आई, तुम्हीपण लावून बघा ना, नुकसान तर काही नाही." मी हसले. या वयात केसांनी थांबायचं की जायचं, हा त्यांचा प्रश्न आहे. चैत्र संपत आलेला, देवासची दुपार भट्टीसारखी तापलेली, टेकडीकडून येणारा वारासुद्धा दमून आल्यासारखा. अशा वेळी माणसाला काही आठवू नये असं वाटतं, आणि नेमकं अशाच वेळी आठवतं. तुमचंही तसंच होत असेल.

तेव्हा आम्ही धारला होतो. माझ्या सासरचे लोक पवारांच्या दरबाराबरोबर इकडे आलेले, कधीकाळी कचेरीत कारकुनी केलेले. माझ्या वेळेपर्यंत दरबारही गेला होता आणि कारकुनीही. उरली होती ती जुनी मराठी, नैवेद्याची ताटं आणि 'आपल्यात असं करत नाहीत' हे वाक्य. घरात आम्ही तिघं: हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळी गल्ली माई म्हणायची, म्हणून मीही माईच म्हणू लागले. माई अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. रागावल्या की सुरुवात मराठीत करायच्या आणि शेवट माळवीत. मराठीत म्हणे राग पुरता निघत नाही.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, त्यात एक नर्सबाई राहायला आल्या. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. नगरकडच्या होत्या. कोण्या बाईंना खोली हवी आहे आणि त्या शुद्ध मराठी बोलतात एवढं कळल्यावर माई इतक्या हरखल्या की पुढचं काही विचारलंच नाही. सामान वर चढलं, त्यात भिंतीवर लावायचा लाकडी क्रूस निघाला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पण शब्द देऊन झाला होता, आणि माई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी एकच अट घातली, या घरात अंडं आणि मटण शिजणार नाही. सिस्टरनी मान डोलावली आणि ती अट अशी पाळली की त्यांच्या खोलीतून कधी लसणीचा वाससुद्धा जास्त आला नाही. रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून त्या प्रार्थनेला जायच्या आणि येताना माईंसाठी आठवणीने मोगरा आणायच्या.

मोगऱ्यावरून आठवलं, म्हणजे विसरलेच नव्हते म्हणा. त्या वर्षी फाल्गुनात मला मुलगा झाला. तो रडला नाही. त्याला मला दाखवलं नाही. दाखवू नये म्हणतात, जीव अडकतो. ह्यांनी त्याला गुंडाळलेलं तसंच नेलं, कापड सारून तोंड पाहायची छाती झाली नाही, असं ते फार वर्षांनी म्हणाले. हॉस्पिटलातून मी घरी आले ती रिकाम्या हातांनी. आलेल्या बायका माझ्याकडे न पाहता माईंशी उन्हाळ्याबद्दल बोलून जायच्या. माझ्या शरीराला मात्र कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दूध आलं. माईंनी मोगऱ्याच्या कळ्या ठेचून माझ्या छातीला बांधल्या, आवळून, आणि दूध आटेपर्यंत रोज नव्या बांधल्या. त्या मला जवळ घेत नसत, पण कळ्या मात्र कधी शिळ्या बांधल्या नाहीत. त्या सुगंधाचा मला तेव्हापासून शीण येतो. गजरा मी आजही माळत नाही, सांगताना मात्र डोकं दुखतं असं सांगते.

त्या महिन्यात मी दमले होते म्हणजे किती, ते सांगता येणार नाही. काम काहीच नव्हतं. माझा विटाळ धरलेला, त्यामुळे सडा-रांगोळीसुद्धा माईंनी आपल्याकडे घेतली होती. मी फक्त मागच्या पडवीत बसून कांदे चिरायची. सिस्टर ड्यूटीवरून येताना तिथे घटकाभर टेकायच्या आणि जाताना कांद्याची लाल सालं रुमालात बांधून घेऊन जायच्या. कशाला, हे मी विचारलं नाही. विचारायलाही माणसात थोडी धुगधुगी लागते.

आणि एका सकाळी माईंच्या ओरडण्याने घर जागं झालं. मी दाराशी धावले, तशी त्यांनी हात आडवा धरला. "बाहेर येऊ नको! तिथेच थांब!" सड्याची बादली कलंडलेली, पाणी गल्लीत धावतंय, आणि उंबऱ्याच्या बरोबर मधोमध एक अंडं. साधं नव्हे, लाल, वीटकरी लाल, आणि त्यावर चिंचेच्या पानाची फिकट नक्षी उमटलेली, एकेक इवलं पान मोजून घ्यावं अशी.

आता आमच्याकडे लाल अंड्याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. कुणाची पीडा उतरवायची, ती अंड्यावर, लिंबावर घ्यायची, कुंकू माखायचं आणि तिठ्यावर नेऊन ठेवायचं. ज्याने ते ओलांडलं त्याच्या मागे ती पीडा लागली. तिठ्यावरचा असला उतारा दिसला की आम्ही लहानपणी श्वास धरून दुसऱ्या बाजूने जायचो. आणि हा तर थेट दाराशी ठेवलेला, मंतरून, वर चित्र काढून. माईंचा चेहरा पांढरा पडला होता. ज्या घरातून नुकतंच एक मूल गेलं त्या घराच्या उंबऱ्यावर कुणीतरी करणी आणून ठेवावी, याहून वाईट त्यांच्या कल्पनेत काही नव्हतं. हे म्हणाले, द्या कचऱ्यात फेकून. माईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गुपचूप आत गेले. उतारा फेकत नाहीत, जाळत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात, आणि तेही ज्याच्यावर आलाय त्याला बरोबर नेऊन. माईंनी चिमट्याने ते अंडं उचललं, पितळेच्या डब्यात तांदूळ घालून त्यात रुतवलं, वर झाकण लावलं, आणि सांगून टाकलं की उद्या सकाळच्या बसने धरमपुरीला जायचं, नर्मदेवर.

पण माझ्या नाकाला कळलं होतं. डब्याचं झाकण पडायच्या आधी कांद्याच्या सालींचा वास आला होता. मी मागच्या पडवीतला जिना चढून वर गेले.

सिस्टर रात्रपाळी करून नुकत्याच आल्या होत्या. खालचा आरडाओरडा ऐकून कॉटवर तशाच बसलेल्या, पायांत बूटसुद्धा तसेच. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मला वाटलं दार तुम्हीच उघडता. रोज तुम्हीच उघडायच्या ना." सडा आता माझ्याकडे नाही, हे त्यांच्या ध्यानात आलंच नव्हतं. घराची अट त्यांनी मोडली नव्हती. अंडी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात उकडली होती. त्या दिवशी त्यांचा ईस्टर होता.

मग त्यांनी सगळं सांगितलं, हळू आवाजात, मधेमधे थांबत, आणि मी पायरीवर बसून ऐकत राहिले. ही रीत त्यांच्या गावची नव्हे. नर्सिंग शिकताना एक म्हातारी परदेशी मेट्रन होती, तिच्याकडून उचललेली. ईस्टरच्या आधी सहा-सात आठवड्यांचा उपास. पूर्वी त्यात मांस नाही, दूध नाही, अंडंसुद्धा नाही. पण माणसांनी उपास धरला म्हणून कोंबड्या थोड्याच ऐकतात? त्या आपल्या घालतच राहायच्या. अंडी साठायची, नासू नयेत म्हणून उकडून ठेवायची, आणि उपास सुटला की पहिला मान अंड्याचा. मला आमची कांदेनवमी आठवली. चातुर्मासात कांदा वर्ज्य, म्हणून आदल्या नवमीला कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, कांद्याचाच सण. मनात आलं, आपण आधी पोट भरून घेतो आणि ते नंतर. कुठल्याही देशात उपासाच्या पोटातून सण निघतो तो असा, उरलेल्या जिनसांतून.

आणि लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा. जुन्या काळी गोरगरिबांकडे दुसरा रंग कुठला असणार? कांद्याची सालं सगळ्यांच्याच घरी. अंड्यावर एखादं पान ठेवायचं, चिंधीत घट्ट बांधायचं आणि सालींच्या पाण्यात उकळायचं. पान काढलं की त्याच्या जागी ठसा राहतो. मग ते लेकरांना द्यायचं. काही ठिकाणी लपवून ठेवतात आणि मुलांनी ते शोधायचं असतं.

पुढे मास्तरकी करताना मी याबद्दल मिळेल ते वाचलं. कुणी म्हणतं ही चाल मुळात पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती लोकांची. कुणी म्हणतं त्याच्याही आधी इराणात नवरोजला अंडी रंगवायचे, तिथून ती पसरली. कुणी वसंताच्या कुठल्याशा देवीचं नाव घेतं, आणि दुसरा लगेच म्हणतो, त्याला पुरावा काही नाही. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, त्यात सणाचं मूळही घालायला हवं. शोधत गेलं की माणूस दमतो, आणि हाती लागतो तो आणखी जुना सण. मला पटलं ते सिस्टरनी त्या सकाळी सांगितलं तेवढंच. अंडं बाहेरून दगडासारखं दिसतं, बंद, थंड, थडग्यासारखं. त्याच्या तोंडावर शिळा लोटलेली. आत काही असेल असं वाटत नाही. त्यांच्या प्रभूला ठेवलेलं थडगं तिसऱ्या दिवशी रिकामं सापडलं, म्हणून अंडं.

"आमच्यात घरातल्या लेकरांना देतात," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, या घरातल्या लेकराचंही एक ठेवावं."

महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याला घरातलं लेकरू म्हटलं होतं. मी तिथेच पायरीवर रडले, तोंडात पदर कोंबून, कारण खाली माई होत्या. मग मला सुचलं तसं मी विचारलं, तुम्ही पाहिलंत का त्याला. तो झाला त्या दिवशी ड्यूटी सिस्टरचीच होती. त्यांनीच त्याला पुसलं होतं, गुंडाळलं होतं. त्या म्हणाल्या, जावळ खूप होतं. काळंभोर, कपाळावर आलेलं.

माझ्या मुलाचं तोंड नीट पाहिलेलं हे एकच माणूस त्या घरात होतं. माईंना खरं कळलं असतं तर सिस्टरना खोली सोडावी लागली असती; दाराशी अंडं ठेवणाऱ्याला कोण थारा देतो? आणि कळलं नसतं, तर त्याच्या नावाचं एकुलतं एक काही, करणी म्हणून, शिव्याशाप देऊन पाण्यात गेलं असतं. सिस्टर म्हणाल्या, मी आत्ता खाली येते आणि माईंच्या पाया पडून सांगते. मी म्हटलं, नको, मीच सांगेन. कसं आणि कुठे, ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये माईंनी तो डबा मांडीवर धरला होता आणि मला खिडकीशी बसवलं होतं. घाट उतरताना बस हेलकावे खायची, तशा त्या दोन्ही हातांनी डबा सावरायच्या. पळस उतरणीला लागलेला, डोंगर भाजून निघालेले. कंडक्टरने विचारलं, "माई, डिब्बे में लड्डू हैं क्या?" माई म्हणाल्या, "नर्मदामाई का है भिया, हाथ मत लगाना." सगळी बस हसली. त्या हसल्या नाहीत. त्यांचे ओठ हलत होते, कसलंसं स्तोत्र चाललं होतं. इतकी थकलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. रोज माझ्याच शीणात होते, त्यामुळे त्यांचा दिसला नव्हता.

धरमपुरीच्या घाटावर ऊन चढलं होतं. पलीकडे जाणारी नाव माणसं भरत होती. आम्ही खालच्या पायऱ्यांपर्यंत गेलो, माईंनी पाण्यात पाय बुडवले, डबा उघडला. तांदळातून ते अंडं उचलण्यासाठी त्यांनी पदर हाताला गुंडाळला, आणि तेव्हा मी सांगितलं. आधी जुळवून ठेवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, "माई, ती करणी नाही. सिस्टरनी ठेवलं होतं. आपल्या बाळासाठी."

त्यांचा हात डब्यातच राहिला. मी घाईघाईने सणाचं सांगत गेले, उपासाचं, कोंबड्यांचं, रंगाचं, थडग्याचं. माझंच मला कळत नव्हतं काय क्रमाने सांगतेय ते. त्यांनी त्यातलं किती ऐकलं कोण जाणे. नदीकडेच पाहत त्या म्हणाल्या, "तिने पाहिलं होतं त्याला?"

मी हो म्हटलं. त्यांनीच गुंडाळलं, म्हटलं.

"कसा होता गं?"

तोवर मला कळलंच नव्हतं की माईंनीही त्याला पाहिलं नव्हतं. त्याही बाहेर बाकड्यावर बसून होत्या. त्यांनाही कुणी दाखवलं नव्हतं, आणि घरातल्या थोरल्या बाईने ते मागायचंही नसतं. मी म्हटलं, जावळ खूप होतं म्हणे, कपाळावर आलेलं.

"ह्याचंही असंच होतं जन्मतः," त्या म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मुलाचं, माझ्या नवऱ्याचं. मग हाताला गुंडाळलेला पदर त्यांनी सोडला. ज्याला चिमट्याने उचललं होतं ते अंडं, जन्मात कधी अंड्याला न शिवलेल्या उघड्या हाताने उचललं, बोटाने त्यावरचे तांदळाचे कण पुसले आणि माझ्यापुढे धरलं. "घे. मांडीवर घे थोडा वेळ. बसला अजून टाइम आहे."

मी घेतलं. माई माझ्या शेजारी बसल्या. नाव पलीकडे गेली, भरून परत आली. मग माईंनी कुंकवाची डबी काढून त्याला एक बोट लावलं, माझ्या हाताखाली आपला हात धरला, आणि आम्ही दोघींनी मिळून ते पाण्यात सोडलं. उकडलेलं अंडं तरंगत नाही, हे आम्हा दोघींनाही कुठून ठाऊक असणार? ते वाहून गेलंच नाही. पायरीशीच सरळ खाली गेलं, आणि पाणी नितळ होतं म्हणून तळाशी थोडा वेळ लाल दिसत राहिलं.

घरी आल्यावर माई जिन्याच्या तळाशी उभ्या राहिल्या आणि वर हाक मारून म्हणाल्या, सिस्टर, खाली जेवायला या, पुरणपोळी करते. एवढंच. त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत, आणि सिस्टर पुढे बदली होईपर्यंत वरच राहिल्या. आता दोघीही नाहीत. हेही नाहीत. पाठचा मुलगा झाला, मोठा झाला. त्याला यातलं काही ठाऊक नाही, आणि आता या वयात बसवून सांगायचं तर आधी केवढं सांगावं लागेल, या विचारानेच शीण येतो. तो मराठी वाचतही नाही, तेव्हा हे लिहिलेलंही त्याच्या नजरेला पडणार नाही.

मागे एकदा धरमपुरीला गेले होते. धरणाचं पाणी मागे चढलंय, नदी फुगून तलावासारखी उभी आहे. आम्ही बसलो होतो त्या पायऱ्या पार खाली गेल्या. तिथल्या माणसाला मी विचारलं, तर तो म्हणाला, कौन सी सीढ़ियाँ, माताजी, आता सगळं पाणीच आहे. मी वरच्याच पायरीवर जरा टेकले, गुडघे बोलत होते. पुष्कळ गोष्टी अशा पाण्याखाली गेल्या, आणि मी त्यांच्यासाठी रडत बसत नाही, तेवढी ताकदही नाही. दोन नातवंडं या मांडीवर खेळली, झोपली, जड होऊन उतरून गेली, त्यांचं वजन मला आज सांगता येणार नाही. पण ते मूठभर, थंड, एका बाजूला किंचित जड असलेलं वजन मात्र अजून नेमकं आठवतं. मुलगा झाला होता, हे माझ्या मांडीला तेवढ्यावरूनच कळलं.